चौकातली फांदी

दसरूभाऊ, जोहार.

तुमच्या सीटवर आता वरोऱ्याचे एक भाऊ बसतात. माणूस वाईट नाही. पोट स्टिअरिंगला टेकतं, गालात कायम पान, आणि आरसा त्यांनी आल्या दिवशीच स्वतःच्या सोयीने फिरवून घेतला. मी दोन घंट्या दिल्या की ते गाडी काढतात. त्यात काही चूक नाही, सगळेच ड्रायव्हर तसं करतात. घंटीला उत्तर देणारे तुम्हीच तेवढे होतात. मी दोरी दोनदा ओढली की केबिनमधून आवाज यायचा, "हो बाई," आणि मग गेअर पडायचा. आता घंटी दिली की मी उगाच थांबते. पॅसेंजर पैसे पुढे करून बसलेला असतो आणि मी केबिनच्या जाळीकडे बघत असते. परवा एक आजी म्हणाली, "पोरी, कोणाची वाट पाहून राह्यली?" मी तिला तिकीट दिलं आणि पुढच्या बाकाकडे गेले.

आपली फेरी मी बदलून घेतली नाही. सकाळी अहेरीहून चंद्रपूर, दुपारी चंद्रपूरहून अहेरी. डेपोतले सगळे म्हणाले, बदलून घे, तुला त्रास होईल. मी म्हटलं, त्रास कसला, रस्ता तोच, गाडी तीच. पण त्यामुळे होतं काय, की रोज दुपारी चंद्रपूर सोडताना गाडी त्या चौकात येते आणि अडकते. तिथेच, जिथे तुम्ही गेलात. डाव्या हाताला मोबाइलचं दुकान, उजव्या हाताला दुभाजकातला तो वाकलेला खांब. खांब खिडकीच्या चौकटीत आला की मला कळतं, आता आपण नेमके त्या जागेवर उभे आहोत. भाऊ, मी रोज तुमच्यावरून जाते. सगळं शहर तुमच्यावरून जातं, आणि कुणाला पत्ता नाही.

तुम्ही हसाल. आत्मा-बित्मा मी मानत नाही, हे सांगून सांगून मी तुमचं डोकं खाल्लं होतं. आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात बुद्धवंदना होते, आणि मेलेला माणूस कुठे भटकत राहतो असल्या गोष्टींवर माझे बाबा जेवताना व्याख्यान देतात. त्यांची लेक मी. तुमची गाडी इतकी हळू चालायची की मी वैतागून म्हणायची, "भाऊ, पुढच्या जन्मी तरी जरा जोरात चालवा." तुम्ही म्हणायचात, "तुमच्यात पुढचा जन्म नसते म्हणता, अन् मले कायले देऊन राह्यल्या मंग?" मी तोंड फिरवून तिकिटं फाडायला लागायची. 

आलापल्ली सोडून आष्टीकडे निघालं की जंगलात ते वळण लागतं, ऐनाच्या मोठ्या झाडाचं. तुमच्याबरोबरच्या पहिल्याच फेरीत तुम्ही तिथे गाडी थांबवली. मी घंटी दिली नव्हती, कुणी उतरायला उठलं नव्हतं. तुम्ही खाली उतरलात, एक हिरवी फांदी मोडलीत, झाडाखालच्या ढिगावर ठेवलीत, क्षणभर उभे राहिलात आणि परत येऊन बसलात. गाडीत कुणालाच नवल वाटलं नाही. पुढच्या बाकावरच्या बाईने खिडकीतून हात काढून एक डहाळी तोडली आणि तिकडे टाकली. मी नवी होते, अंगात नव्या खाकीचा ताठा होता. मी केबिनपाशी येऊन म्हटलं, "भाऊ, घंटीशिवाय गाडी थांबवायची नाही." तुम्ही म्हणालात, "हो बाई. आता घंटी द्या."

पुढे कधीतरी आष्टीला चहा पिताना तुम्ही ते समजावून सांगितलंत. तुमच्या गावचा कुणी बैलगाडीवाला फार पूर्वी त्या वळणावर मेला होता. घरी मेला असता तर प्रश्न नव्हता. "वाटेवर गेलेल्याले आपण कुठी पडलो हेच समजत नाई, बाई. मंग तो तिथीच बसून राह्यते. येणारा-जाणारा थांबला, हिरवं काही ठेवलं, का त्याले समजते. मंग उठून घरी जाते." मी विचारलं, मग इतक्या वर्षांत तो गेला नाही का? तुम्ही बशीतला चहा संपवलात. "गेला असन तर गेला. आपण काऊन पाहाचं? आपण थांबाचं." मी म्हटलं, फांदीने काय होतं, ती तर उद्या वाळते. "फांदीनं काईच होत नाई," तुम्ही म्हणालात. "थांबणं हाय ते."

मग लोखंडाच्या दगडाचे ट्रक सुरू झाले. आधी एखाद-दुसरा दिसायचा, पोरं खिडकीतून हात दाखवायची. मग ते ओळीने यायला लागले. तांबडी धूळ झाडांवर बसली, आमच्या खाकीवर बसली, डब्यातल्या भातावर बसली. ऐनाच्या वळणावर तुम्ही थांबलात की मागे रांग लागायची आणि हॉर्न सुरू व्हायचे. एकदा मागच्या ट्रकने इतक्या जवळ येऊन ब्रेक मारला की शेवटच्या बाकावरच्या बाया किंचाळत पुढे पळाल्या. त्या दिवसापासून तुम्ही उतरणं सोडलंत. आलापल्लीलाच फांदी घेऊन ठेवायचात आणि चालत्या गाडीतून टाकायचात. नंतर तेही गेलं, नुसते हात जोडायचात, तेही एकच हात, कारण दुसरा स्टिअरिंगवर.

एकदा मी स्वतः एक घंटी दिली. थांबा म्हणून. मला तुमचा देव-भूत काही मान्य नव्हतं, पण तुम्ही थांबत नाही हे मला सहन होईना. तुम्ही थांबला नाहीत. मी तावातावाने केबिनपाशी गेले. "मी घंटी दिली भाऊ. ऐकू आली नाही का?"

"आली."

"मग?"

"मांगं लायन हाय बाई. त्याच्यात कोणाचं तरी लेकरू बसून हाय." थोडं पुढे गेल्यावर तुम्ही रस्त्यावरची नजर न काढता म्हणालात, "मले पाहून राह्यला असन तो. रोजचा माणूस आता काऊन थांबत नाई म्हणत असन." भर दुपार होती, ऊन फटफटीत पडलं होतं, आणि माझ्या मानेवर काटा आला. मी बाबांच्या व्याख्यानातली दोन वाक्यं मनात म्हटली. काटा गेला नाही.

आणि तो संपाचा दिवस. ट्रकवाल्यांनी काही मागण्यांसाठी गाड्या उभ्या केल्या होत्या. रस्ता पूर्वीसारखा रिकामा, पाखरांचे आवाज ऐकू येत होते. अहेरीकडे परत येताना तुम्ही ऐनापाशी गाडी लावली. आरशात मागे पाहिलंत. "आज कोणी मांगं नाई," म्हणालात आणि उतरलात. फांदी ठेवलीत. मग येऊन बसलात, पण गाडी काढेनात. दार उघडं होतं. पाचोळा वाजला, वारा असेल. मग तुम्ही म्हणालात, "बाई, घंटी द्या."

मी विचारलं, "कोण चढलं, भाऊ?"

"तिकीट नका फाडू," तुम्ही म्हणालात.

अहेरीला सगळे उतरले तरी तुम्ही सीटवरच बसून राहिलात. मग शेवटच्या बाकाकडे वळून तुमच्या भाषेत काहीतरी बोललात, घरच्या माणसाशी बोलतात तसं. मी अर्थ विचारला नाही. त्या रात्री घरी बाबांना सांगायला गेले आणि अर्ध्यात थांबले, कारण गंमत म्हणून सांगायला घेतलेली गोष्ट मला गमतीची वाटेना. त्यानंतर शेवटचा बाक झाडताना मी हात सांभाळून झाडते. हे तुम्हाला कधी बोलले नाही.

आपलं खरं भांडण मात्र जंगलात नव्हतं, चंद्रपुरात होतं, त्या चौकावरून. तिथे येईपर्यंत आपली गाडी वेळेत असायची आणि तिथे सगळी वेळ जायची. मला आठवतं, सुरुवातीला तिथे फार तर एक सिग्नल थांबावं लागायचं. मग दोन सिग्नल, मग मोजणं सोडलं. कोळशाच्या गाड्या होत्याच. त्यात घरोघर मोटारसायकली आल्या, मग चारचाकी आल्या, शाळेच्या व्हॅन, ऑटो. आणि आपल्याच गाडीतली माणसं त्यात गेली. कोठारीचे ते गुरुजी आठवतात? ड्रायव्हरमागच्या बाकावर बसून पेपर मोठ्याने वाचायचे. गाडी उशिरा पोहोचते, शाळेत लाल शेरा बसतो, म्हणून त्यांनी मोटारसायकल घेतली. पेढा द्यायला मुद्दाम आपल्या गाडीत चढले होते. पुढे ते चौकात आपल्याच खिडकीखाली हेल्मेट घालून अडकलेले दिसायचे आणि ओशाळून हात करायचे. त्यांच्यामागे त्यांचा मुलगा, त्याची वेगळी मोटारसायकल. आत अर्ध्या बाकावर मावणारा माणूस बाहेर जाऊन आपलाच रस्ता अडवून उभा होता. गाडी आणखी उशिरा जायला लागली, म्हणून आणखी चार गुरुजी उतरले. मग रिकामी धावते म्हणून संध्याकाळची फेरीच बंद झाली, आणि त्या फेरीचे सगळे लोक चौकात आले.

चौक रुंद केला तेव्हा मी किती खूश झाले होते. दुकानांचे ओटे तोडले, कडुनिंबाची रांग गेली, मधोमध दुभाजक आला. पहिल्यांदा आपण न थांबता पार झालो तेव्हा मी गाडीत टाळ्या वाजवल्या आणि पॅसेंजरांनीही वाजवल्या. तुम्ही म्हणालात, "आताच नका नाचू बाई."

"तुम्हाला चांगलं काही दिसतच नाही."

"बांधी मोठी केली का पाणी जास्त मावते. पण भरते तर काठोकाठच."

मी म्हटलं, हा रस्ता आहे, धानाची बांधी नाही.  दोन पावसाळे गेले नाहीत तोच आपण पुन्हा त्याच खांबापाशी उभे राहायला लागलो, फक्त आता शेजारी दोनऐवजी चार गाड्यांच्या ओळी होत्या. तरी मी माघार घेतली नाही. आता वरून उड्डाणपूल होईल, मग बघा, असं म्हणत राहिले. अजूनही मला वाटतं की पूल झाला पाहिजे. तुम्ही मेलात म्हणून मी तुमचं सगळं मान्य करेन असं समजू नका.

पण तुमच्या त्या जागा सोडण्याने मात्र मी खरोखर पेटायची. चौकात सगळे पुढच्याच्या टायरला टायर लावून उभे राहायचे आणि तुम्ही आपल्या गाडीपुढे बैलगाडी वळेल एवढी जागा मोकळी ठेवायचात. आडव्या रस्त्याच्या लोकांना निघता यावं म्हणून. म्हाताऱ्या माणसांना ओलांडता यावं म्हणून. ती जागा लगेच मोटारसायकलवाले भरून टाकायचे. पॅसेंजर ओरडायचे, "ओ ड्रायव्हर, घुसवा ना!" मीही ओरडायची. "तुम्ही सोडता आणि ते खातात. काय मिळालं तुम्हाला?"

"खाऊ द्या. त्यायची घाई हाय."

"आणि आपली नाही?"

तुम्ही काचेतून समोर बघत होतात. सगळीकडून हॉर्न वाजत होते, कुणाला पुढे जाता येत नव्हतं आणि कुणाला मागे. "पाहा ना बाई," तुम्ही म्हणालात, "एवढे लोक हायेत, पण थांबला कोणीच नाई. सगळे अडकले."

हे बोलणं आपलं अर्धंच राहिलं. मला उत्तर द्यायचं होतं. सिग्नल सुटला आणि मी घंटी दिली.

तो दिवस वैशाखातला. चंद्रपूरचं ऊन काय असतं ते आपल्याला कुणी सांगायला नको. तुम्ही दुपट्टा ओला करून डोक्याला बांधला होता. स्टँडवरच तुम्ही म्हणालात, "छातीत जड वाटून राह्यलं बाई, अंबाडीची भाजी बाधली वाटते." मी म्हटलं, दवाखान्यात जाऊ, कंट्रोलरला सांगते. तुम्ही म्हणालात, "घरी जाऊन सोमीच्या हातचा काढा घेतो." चौकात आपण नेहमीच्या ठिकाणी उभे राहिलो. पुढे नेहमीसारखी जागा सोडलेली. बराच वेळ गेला. मी मागच्या बाकांची तिकिटं करत होते. मग समोरची ओळ सरकली, मी दोरी दोनदा ओढली. "हो बाई" आलं नाही. मला वाटलं, गोंगाटात ऐकू आलं नसेल. पुन्हा दोन घंट्या दिल्या. गाडी हलली नाही. मागून हॉर्न सुरू झाले, बाजूने लोक शिव्या द्यायला लागले. मी तिसऱ्यांदा दोरी जोरात ओढली आणि ओरडले, "भाऊ, झोपले काय?"

तुम्ही ताठ बसला होतात. दुपट्टा अजून ओला होता. हँडब्रेक ओढलेला. एवढ्या वेळात तुम्ही तेवढंच केलं होतंत, गाडी कुणाच्या अंगावर जाऊ नये याची सोय. मी तुमच्या खांद्याला हात लावला तेव्हा तुम्ही माझ्याकडे कललात. आणि बाहेर सगळं शहर तुम्हाला हॉर्न मारत होतं. मेलेल्या माणसाला पुढे हो म्हणून सांगत होतं. ते मला अजून ऐकू येतं, भाऊ. भात लावला की कुकरच्या शिटीतही येतं.

अ‍ॅम्ब्युलन्स चौकाच्या पलीकडे दिसत होती. तिचा दिवा फिरत होता, पण ती जागची हलू शकत नव्हती. शेवटी पॅसेंजरांनीच तुम्हाला उचललं आणि मोटारसायकलींच्या मधून वाट काढत नेलं. मी तुमची चप्पल हातात घेऊन मागून पळत होते. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तरी उपयोग नव्हता, सीटवरच गेले ते. खरं सांगितलं की माझ्या समाधानासाठी, मला माहीत नाही.

तुमच्या घरी आम्ही डेपोतले सगळे आलो होतो. सोमीवहिनी रडत नव्हत्या. सगळं आटोपल्यावर त्यांनी मला बाजूला बोलावलं. "बाई, तो वाटेवर गेला."

मी म्हटलं, "हो वहिनी."

"तर तिथी फांदी ठेवा लागते. जिथी गेला तिथीच. मले त्या गावचं काही समजत नाई. तुमी जाता ना रोज?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

भाऊ, ऐनाखाली फांदी ठेवणं सोपं होतं. चंद्रपूरच्या चौकात, भर रस्त्यात, दुपारी फांदी कुठे ठेवायची? मी पहिल्यांदा गेले ते सुट्टीच्या दिवशी, तेंदूची कोवळी डहाळी पिशवीत घालून. सिग्नल लाल झाला तशी धावत मध्ये गेले. होमगार्डने शिट्टी मारली. "ओ मॅडम, मराचं हाय काय?" मी डहाळी ठेवली आणि वळते तोच त्यावरून एक स्कूटर गेली, मग ऑटो, मग मी बघणं सोडलं. पुढच्या सिग्नलला पानं डांबराला चिकटलेली होती. दुसऱ्यांदा मी ती दुभाजकावर, खांबाला बांधून आले. वहिनींना फोन करून सांगितलं, झालं म्हणून.

"खांबाले?" वहिनी म्हणाल्या. "खांबापाशी गेला काय तो?"

"नाही. बाजूला. दोन हात."

"मंग नाई चालत बाई. अन् कोणी थांबलं काय?"

 कोणी थांबलं नव्हतं. मीही थांबले नव्हते, बांधली आणि पळाले. वहिनींनी हळूच सांगितलं, "माझ्या स्वप्नात येते. गाडीतच बसून हाय. म्हणते, बाई घंटी देऊन राह्यली, पण मले रस्ता दिसून नाई राह्यला."

घंट्यांचं मी वहिनींना सांगितलं नव्हतं. तीनदा दिल्या होत्या, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. डेपोत कुणीतरी पॅसेंजरकडून ऐकलं असेल, त्यांच्या कानावर गेलं असेल. मी स्वतःला तसंच सांगते. पण त्या दिवसापासून चौक आला की मी जाळीकडे बघू शकेना. नजर खाली ठेवून तिकिटं करायची, आणि तरी मला माहीत असायचं की आत खाकी पाठ कुणाची आहे.

तेव्हा मला एक गोष्ट लक्षात आली. चौक सुरू असतो तेव्हा गाड्या धावत असतात, आणि बंद असतो तेव्हा त्या जागेवर गाडी उभी असते. ती जागा कधीच उघडी नसते. ती उघडी ठेवायची तर एकच मार्ग होता. एखाद्या मोठ्या गाडीने तिच्या अलीकडे थांबून पुढे जागा सोडायची. जशी तुम्ही सोडायचात.

मी वरोऱ्याच्या भाऊंना सांगितलं. ते पान चघळत ऐकत राहिले. "जागा सोडली का लोक घुसतेत, बाई. मी येडा हाओ काय?"

"दसरूभाऊ सोडायचे."

"मंग पोचत होते काय वेळेवर?"

"नाही," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

मग मी त्यांना सगळंच सांगितलं. ऐनाचं, सोमीवहिनींचं, फांदीचं. मला वाटलं, हसतील. ते खाली उतरले. पिचकारी टाकून आले आणि सीटवर चढता चढता म्हणाले, "त्या सीटवर मी बसतो बाई, तुमी नाई बसत. त्या चौकात काय वाटते ते मले माहीत हाय. करा काय कराचं ते. पण लवकर."

आज सकाळी येताना ऐनाच्या वळणाआधी ट्रकांची रांग थोडी तुटली होती. वरोऱ्याच्या भाऊंनी न सांगता गाडी हळू केली आणि मी खिडकीतून फांदी तोडली. दुपारपर्यंत ती पाण्याच्या बाटलीत घालून स्टँडवर ठेवली. दुपारी चौक आला. खांब दिसायच्या आधीच गाडी थांबली. पुढे मोठी जागा मोकळी पडली, काळं तापलेलं डांबर, त्यावर कुणीच नाही. मला ती जागा बघवेना. मी एक घंटी दिली. थांबलेल्या गाडीला कोण थांबायची घंटी देतं? पॅसेंजर बघायला लागले. मी उतरले.

मोटारसायकली घुसायला लागल्याच होत्या. मी हात आडवे करून मधे उभी राहिले. "काय झालं? कोण मेलं काय?" एकाने विचारलं. मी म्हटलं, "हो." तो जागच्या जागी पाय टेकून उभा राहिला, आणि त्याच्यामुळे त्याच्या मागचेही. मी वाकून फांदी ठेवली. चटका बसला हाताला. मग मी उभी राहिले, तुम्ही राहायचात तशी. काय म्हणायचं असतं ते तुम्ही कधी सांगितलं नव्हतंत. आमच्याकडचं म्हणावं तर ते दुसऱ्याच अर्थाचं. म्हणून मी गप्पच राहिले. पायाशी काहीतरी पडलं. गोंडपिपरीच्या एका म्हातारीने खिडकीतून कोथिंबिरीची काडी टाकली होती. का ठेवायचं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला ते माहीतच होतं. मग ड्रायव्हरच्या खिडकीतून एक हात बाहेर आला आणि विड्याचं एक हिरवं पान खाली आलं.

मागे हॉर्न वाजतच होते. तिकडच्यांना काय दिसणार होतं? सिग्नल हिरवा झाला, लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. होमगार्ड शिट्टी वाजवत निघाला होता, तो जवळ आला, खाली बघितलं आणि शिट्टी तोंडातून काढली. कुठलासा वरच्या भागातला माणूस असावा, धानोऱ्याकडचा वगैरे, ही रीत ठाऊक असलेला. 

मी गाडीत चढले. दार लगेच ओढून घेतलं नाही. थोडा वेळ उघडं ठेवलं. गरम वारा आत आला. शेवटचा बाक रिकामा होता, मी तिकडे कुणाला बसू दिलं नव्हतं. वरोऱ्याच्या भाऊंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"कोण चढलं, बाई?"

मी म्हटलं, "चला तुम्ही. तिकीट नाही फाडायचं."

मग दोरी दोनदा ओढली, भाऊ. या वेळी गाडी हलली.